पाच रियाल मिळालेच पाहिजेत: दुआर्ननेच्या तारलीवाल्या बायका

फ्रान्सच्या नकाशात डावीकडे जे टोक अटलांटिक महासागरात घुसलेलं दिसतं ना, ते ब्रिटनी. त्या टोकाच्याही टोकाला, फिनिस्तेर जिल्ह्यात, एका मोठ्या गोलसर उपसागराच्या काठावर दुआर्नने नावाचं गाव आहे. लोकसंख्या १४ हजारांच्या आसपास, रेल्वे आता गावापर्यंत येत नाही, कँपेर शहरात उतरून बस धरायची. मी नाँत शहरात राहत होते तेव्हा गेले आणि मग परत परत जात राहिले, कारण या गावाने मला एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात शिकवली गेली नव्हती, आणि ती मला मराठीत कुणालातरी सांगायचीच होती.

गोष्ट माशांची आहे असं सुरुवातीला वाटतं. सार्डिन, म्हणजे आपल्या कोकणातल्या तारलीची चुलत बहीण. दुआर्ननेत जिकडे बघाल तिकडे सार्डिन, दुकानांच्या पाट्यांवर, कपांवर, पोरांच्या टीशर्टवर. रंगीत डब्यांची अख्खी दुकानं आहेत, लोक ते डबे भेट म्हणून नेतात, वर्ष बघून जपून ठेवतात आणि अधूनमधून उलटे करून ठेवतात म्हणजे तेल सगळीकडे मुरतं. सगळं फार सुंदर आहे, मलाही आवडतं, मीही डबे आणलेत. पण गावकऱ्यांना अख्ख्या ब्रिटनीत ज्या नावाने ओळखतात ते नाव आहे 'पेन सार्दीन', ब्रिटनीच्या स्वतःच्या ब्रेतन भाषेत सार्डिनचं डोकं, आणि ते नाव मुळात चिकटलं कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या डोक्यावरच्या छोट्या, केसांना घट्ट बसणाऱ्या पांढऱ्या टोपीला. मला सांगायचंय ते या बायकांबद्दल.

पण आधी थोडं मागे जाते, कारण या किनाऱ्यावर मासा खारवायचा धंदा किती जुना आहे ते कळल्याशिवाय बाकीचं नीट कळत नाही. बंदराच्या पूर्वेला प्लोमार्क नावाची पायवाट आहे, एका बाजूला झाडं आणि जुनी दगडी घरं आणि खाली समुद्र, त्या वाटेवर रोमन काळातल्या टाक्या आहेत. जमिनीत खणलेल्या, दगडी बांधकामाच्या, चौकोनी, रांगेने, आणि चांगल्या खोल. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे तीनशे वर्षांच्या आसपास इथे मासे मिठात मुरवून गारुम नावाचा रस्सा बनवायचे जो रोमन लोक प्रत्येक पदार्थात घालायचे. कठड्याजवळ वाकून बघितलं की टाकीच्या आतल्या बाजूचा गिलावा अजून दिसतो, काही ठिकाणी कोपरे गोल केलेत म्हणजे साफ करताना काही अडकून राहू नये. मी तो कोपरा बराच वेळ बघत होते. कुणीतरी एका माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी हा विचार केला की उद्या ही टाकी घासायला जो उतरेल त्याला सोपं जावं, आणि त्याचं नाव कुठे नाही. कामाची जागा बघायची असेल तर अशीच बघावी असं मला वाटतं, राजवाड्यापेक्षा मला हे जास्त सांगतं.

रोमन गेले, मासा राहिला. मधल्या शतकांत सार्डिन मिठात घालून पिंपांत दाबून ठेवायचे, दाबताना निघालेलं तेल वेगळं विकायचे, आणि ती पिंपं दूरवर जायची. मग १९व्या शतकाच्या सुरुवातीला निकोला आपेरने बंद बरणीत अन्न उकळून टिकवायची पद्धत शोधली, १८२०च्या दशकात नाँतमध्ये जोसेफ कोलँने सार्डिन तेलात घालून पत्र्याच्या डब्यात बंद करायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही दशकांत हा धंदा किनाऱ्याने पसरत दुआर्ननेला पोचला. १८५३मध्ये शांसरेल घराण्याने इथे काढलेला कारखाना आजही चालू आहे, कोनेताब्ल नावाने त्यांचे डबे मिळतात.

आणि इथून गाव बदललं. आतापर्यंत पुरुष समुद्रावर आणि बायका घर-शेत-बाजार असं काहीसं होतं, आता गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली बाई कारखान्यात. नवरा मासे आणणार, बायको ते डब्यात भरणार, आणि दोघांचीही मजुरी एकाच माशावर, म्हणजे सार्डिन आली नाही की घरात दोन्हीकडून अंधार. पुरुषांचं कामही काही सोपं नव्हतं. सार्डिनला जाळ्याकडे ओढायला आमिष म्हणून कॉड माशाची खारवलेली गाबोळी लागायची, ती यायची नॉर्वेहून, पिंपं भरभरून, आणि महाग. तांडेल होडीच्या मागच्या बाजूला उभा राहून मूठमूठ गाबोळी समुद्रात टाकणार, बाकीचे वल्ही मारून होडी वाऱ्याला तोंड करून एका जागी धरून ठेवणार. म्हणजे मासा मिळायच्या आधीच कोळ्याचा पैसा पाण्यात पडलेला असायचा, अक्षरशः.

आता कारखान्यातलं काम. सार्डिन ताजीच डब्यात गेली पाहिजे, ती वाट बघत नाही, म्हणून बायकांचं काम घड्याळावर नव्हे तर होड्यांवर चालायचं. रात्री होड्या आल्या की कारखान्यातून कुणीतरी गल्ल्यागल्ल्यांतून हाका मारत जायचं आणि बायका उठून निघायच्या. गाव चढउतारांचं, रस्ते दगडी, पायात लाकडी बूट, म्हणजे रात्री दोन वाजता शेकडो बायका उतारावरून बंदराकडे धावतायत त्याचा आवाज कसा असेल! मोठ्या झालेल्या मुलांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत हा बुटांचा आवाज हमखास येतो.

आत गेल्यावर पहिल्यांदा माशाचं डोकं उडवायचं आणि त्याच झटक्यात आतडी बाहेर ओढायची. मग मिठाच्या पाण्यात, मग धुऊन जाळीच्या ट्रेवर एकेक उभी लावायची, शेपटी वर, वाळवायची, मग उकळत्या तेलात तळायची, निथळवायची आणि मग डब्यात रचायची. रचण्यातही कसब होतं, पाठ वर ठेवली तर डबा निळा दिसतो आणि पोट वर ठेवलं तर पांढरा, आणि एकीची डोक्याकडची बाजू तिकडे दुसरीची शेपटी तिकडे असं बसवत जायचं म्हणजे एक बोटभरही जागा वाया जात नाही. वरून तेल ओतायचं आणि डबा पुढे पाठवायचा झाळायला. झाळकाम पुरुषांचं, आणि त्यांची मजुरी बायकांपेक्षा कितीतरी जास्त, पुढे झाकण बसवायची यंत्रं आली तेव्हा त्या झाळकाऱ्यांवर वेगळंच संकट आलं, तो एक वेगळा इतिहास आहे. बायकांच्या हाताला मात्र यंत्र फार काळ मिळालंच नाही, आणि खरं सांगायचं तर आजही चांगल्या प्रतीची सार्डिन कात्रीने कापून हातानेच रचतात. एका दुकानात पडद्यावर कारखान्यातला व्हिडिओ चालू होता, निळे हातमोजे घातलेली बोटं इतकी भराभर चालत होती की मला दोन-तीनदा बघूनही नेमकं कधी मासा उलटला ते दिसलं नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलीही आईबरोबर कामाला जायच्या. कायद्याने वय ठरवलेलं होतं, पण इन्स्पेक्टर आला की लहान मुलींना लपवायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. हंगामात दिवसाला सोळा-अठरा तास काम, त्यात मासा यायची किंवा तळून व्हायची वाट बघत बसलेला वेळ धरायचा नाही, रात्रीचे जादा पैसे नाहीत. आधी तर मजुरी तासावर नव्हतीच, हजार मासे भरले की इतके पैसे असं होतं, आणि मोजणारी मालकाची माणसं. १९०५मध्ये बायकांनी संप करून ताशी मजुरी मिळवली. हा त्यांचा पहिला मोठा विजय, आणि तो मिळाला तो सगळ्यात वाईट दिवसांत, कारण १९०२पासून सार्डिन किनाऱ्याकडे येईनाशी झाली होती. मासा का गेला ते तेव्हा कुणालाच कळेना. घरोघरी उपासमार, देशभरातून वर्गण्या, सूप वाटप, आणि मुली-बायकांना क्रोशाची आयरिश लेस विणायला शिकवली म्हणजे चार पैसे तरी येतील. शेजारच्या काँकार्नो गावात याच संकटात मदत गोळा करायला १९०५मध्ये निळ्या जाळ्यांचा उत्सव सुरू केला, तो अजून भरतो. काही मालकांनी तर सरळ पोर्तुगाल आणि मोरोक्कोत कारखाने काढले.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. या बायका गात असायच्या.

झोप येऊ नये म्हणून गायच्या. रात्रभर उभं राहून थंड ओल्या फरशीवर मासे कापायचे म्हणजे डोळा लागणारच, आणि हातात सुरी. एकीने सुरू करायचं आणि सगळ्या हॉलने उचलायचं. बहुतेक भजनं, म्हणजे चर्चमधली ब्रेतन भाषेतली गाणी, आणि फ्रेंच प्रेमाची रडकी गाणी. मालकांना चालायचं, गाण्याने हात चालतो हे त्यांनाही कळत होतं. पण पहिल्या महायुद्धानंतर भजनांच्या अधेमधे वेगळी गाणी यायला लागली, श्रीमंतांना उद्देशून म्हटलेली, फाटक्या कपड्यांतल्या माणसांकडे बघा असं सांगणारी, आणि ती गाणी मात्र मालकांना खपेनात. असं गाणं म्हटलं म्हणून कामावरून काढलं, अशा आठवणी म्हाताऱ्या झालेल्या कामगार बायकांनी पुढे सांगितल्या आहेत, त्यांच्या मुलाखती घेऊन ठेवल्यात लोकांनी आणि फार बरं केलं, नाहीतर हे कुठल्याच कागदावर सापडलं नसतं.

मला वाटतं संघटना तिथेच झाली, युनियनचा माणूस यायच्या कितीतरी आधी. एका खोलीत दोनशे बायका एका सुरात गातात म्हणजे त्या एकमेकींचा श्वास ओळखतात, कोण दमलीय, कोण रडतेय, कोण आज आलीच नाही. त्यातल्या कितीजणींना धड फ्रेंच लिहिता-वाचता येत नव्हतं, घरात आणि गल्लीत ब्रेतनच, शाळेत ब्रेतन बोलल्याबद्दल गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवून शिक्षा भोगलेली. पत्रकं कुणासाठी छापायची? पण गाणं सगळ्यांना पाठ होतं.

२१ नोव्हेंबर १९२४ला ठिणगी पडली ती डबे बनवणाऱ्या कार्नो या पत्र्याच्या कारखान्यात, आणि चार-पाच दिवसांत गावातले वीसेक कारखाने बंद. दोन हजारांच्या आसपास कामगार, त्यातल्या बहुतेक बायका. तेव्हा बाईला तासाला ८० सँतीम (१०० सँतीम म्हणजे एक फ्रँक) मिळायचे, मागणी होती सव्वा फ्रँकची. ब्रेतन लोक पैसे रियालमध्ये मोजायचे, एक रियाल म्हणजे पाव फ्रँक, म्हणून घोषणा झाली 'पेम्प रियाल अ वो!', पाच रियाल मिळणारच. रोज मोर्चा, सगळ्यात पुढे बायका, डोक्यावर त्याच पांढऱ्या टोप्या, हातात हात घालून रस्त्याची रुंदी भरून टाकलेली, आणि गाणं चालूच. त्या मोर्च्यांचे फोटो आहेत, जरूर बघा. एकीचाही चेहरा पडलेला नाही, थंडीचे दिवस आहेत, पगार बंद आहे, आणि त्या हसतायत.

गाव त्यांच्या बाजूने होतं हे महत्त्वाचं. दुआर्नने हे फ्रान्समध्ये कम्युनिस्ट नगराध्यक्ष निवडणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी, १९२१मध्ये सेबास्तियाँ वेली निवडून आला होता आणि १९२४मध्ये त्याच्या जागी दानिएल ल फ्लांशेक, अंगावर गोंदलेला, एका डोळ्याचा, आवाज दणदणीत. त्याने संपकऱ्यांसाठी सार्वजनिक स्वयंपाकघर चालवलं. बाहेरून युनियनची माणसं आली, त्यांत तरुण शार्ल तियों होता, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्धच्या लढ्यात मोठा नेता झाला आणि नंतर मंत्रीही, आणि ल्यूसी कोलियार होती, पेशाने शिक्षिका, जिने बायकांमध्ये राहून सगळं टिपून घेतलं. कामगारमंत्री जुस्तँ गोदार यांनी मध्यस्थी करून पाहिली, मालक बधले नाहीत. नाताळ आला, गेला.

मग मालकांपैकी काहींनी पॅरिसहून भाड्याचे संपफोडे आणले. १ जानेवारी १९२५, नवीन वर्षाचा दिवस, गावातल्या एका कॅफेमध्ये त्यांनी गोळ्या झाडल्या, ल फ्लांशेकच्या गळ्याला गोळी लागली, त्याचा पुतण्या गंभीर जखमी. गावाला वाटलं आपला नगराध्यक्ष मेला, आणि लोक सरळ त्या हॉटेलवर चालून गेले जिथे हे गुंड उतरले होते आणि ते हॉटेल फोडून टाकलं. ल फ्लांशेक वाचला. (पुढे नाझींनी त्याला पकडलं, बुखेनवाल्डच्या छळछावणीत गेला तो.) पण या गोळीबारामुळे सगळं उघड्यावर आलं, गुंडांना पैसे कुठून गेले ते बाहेर पडलं, आणि मालकांच्या संघटनेची हिंमत संपली. ६ जानेवारीला समझोता. बायकांना तासाला एक फ्रँक, पुरुषांना दीड, जादा तासांचे आणि रात्रीचे वाढीव पैसे, युनियनचा हक्क मान्य, आणि संप केला म्हणून कुणालाही काढायचं नाही.

पाच रियाल मिळाले नाहीत, चारच मिळाले. तरी मी याला विजयच म्हणते, पूर्ण विजय. कारण मजुरीपेक्षा मोठी गोष्ट ती वाढीव पैशांची, म्हणजे बाईच्या रात्रीला किंमत आहे हे पहिल्यांदा कागदावर आलं.

मे १९२५मध्ये नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या आणि कम्युनिस्ट पक्षाच्या यादीत एक नाव होतं, जोसेफीन पांकाले. जन्म १८८६चा, दुआर्ननेचीच, विधवा, दोन मुलं पदरात, डब्यांच्या कारखान्यात कामगार, संपात सामील. आता गंमत म्हणावी की अन्याय म्हणावा, फ्रान्समध्ये तेव्हा बाईला मत द्यायचाच अधिकार नव्हता, निवडून यायचं तर सोडाच. पण कायद्यात बसो न बसो, लोकांनी तिला निवडून दिलं. म्हणजे एक अशी बाई नगरपालिकेत बसली जिला स्वतःला स्वतःच्या नावापुढे शिक्का मारता आला नव्हता. तिच्यासारख्या देशभरात मोजक्याच निवडून आल्या होत्या. प्रीफेक्टने, म्हणजे सरकारच्या जिल्हा अधिकाऱ्याने, हरकत घेतली, जोसेफीन लढली, आणि जानेवारी १९२६मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तिची निवड रद्द केली, कारण एकच, ती बाई आहे.

इथे मला आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबई प्रांतात १९२१मध्येच बायकांना कायदेमंडळासाठी मतदानाचा हक्क मिळाला होता, मालमत्तेच्या अटी होत्या हे खरं, त्यामुळे गिरणीतल्या बाईला तो मिळालाच नाही, पण बाई आहे म्हणून नाही असं तरी नव्हतं. आणि १९२३पासून अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेत बसत होत्या. फ्रान्समध्ये कायदा झाला १९४४ला, आणि बायकांनी पहिल्यांदा मत दिलं एप्रिल १९४५मध्ये. आपण लहानपणापासून फ्रेंच राज्यक्रांती आणि समता-बंधुता शिकत आलो, त्या धड्यात ही तारीख का नव्हती असं मला मनापासून वाटतं.

जोसेफीनला पक्षाने पुढे फारसं विचारलं नाही. ती परत कामाला लागली. हक्क मिळाल्यावरही ती मतदानाला गेली नाही असं सांगतात, आणि मला तो राग पूर्ण समजतो. १९७२मध्ये ती वारली. बरीच दशकं तिचं नाव कुणी घेत नव्हतं, आता घेतात, आणि २०२४मध्ये संपाला शंभर वर्षं झाली तेव्हा गावाने ती मोठ्या प्रेमाने साजरी केली, बायका परत पांढऱ्या टोप्या घालून रस्त्यावर गात निघाल्या.

या उपसागराची एक दंतकथा आहे, ब्रिटनीतली सगळ्यात प्रसिद्ध, ती सांगितल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. पाण्याखाली कधीकाळी 'केर ईस' नावाचं शहर होतं, समुद्रापेक्षा खालच्या पातळीवर, भिंती आणि दरवाज्यांनी सांभाळलेलं. राजा ग्रादलों चांगला, धार्मिक. त्याची मुलगी दाहूत मात्र बाहेरख्याली, तिने प्रियकरासाठी बापाच्या गळ्यातली किल्ली चोरली, दरवाजा उघडला, समुद्र आत आला. राजा घोड्यावर मुलीला मागे घेऊन पळाला पण संत ग्वेनोले म्हणाला हिला खाली टाक तरच वाचशील, आणि त्याने टाकलं. राजाचा पुतळा आज कँपेरच्या कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांच्या मधोमध घोड्यावर बसलाय. दाहूत जलपरी होऊन कोळ्यांना भुलवत फिरते.

मला ही गोष्ट ऐकताना पहिल्यापासून खटकते. शहर बुडालं तर दोष मुलीचा, वाचला तर पुण्य राजाचं. आणि बघा, त्याच पाण्याच्या काठावर खऱ्या इतिहासात काय झालं, एक गाव मासा गेला म्हणून बुडत होतं आणि ते तरलं ते ज्यांना कुणी पुतळा उभारला नाही अशा बायकांच्या हातांवर. पुरुष समुद्रात बुडायचे तेव्हाही घर कारखान्याच्या मजुरीवर चालायचं. मी काही दंतकथा बदला म्हणत नाही, पण गावात आलेल्या माणसाने दाहूतची गोष्ट ऐकली तर तिच्या शेजारी जोसेफीनचीही ऐकावी.

बाकी गावात बघण्यासारखं पुष्कळ आहे, भराभर सांगते. ओहोटीला चालत जाता येतं ते त्रिस्तान बेट, तिथे १५९५मध्ये ला फोंतनेल नावाच्या लुटारू सरदाराने तळ ठोकला आणि बेटाची तटबंदी करायला गावातलीच घरं पाडून दगड नेले, १६०२मध्ये पॅरिसला त्याला चाकावर बांधून मारलं. वरच्या अंगाला प्लोआरे, पूर्वी वेगळं गाव, १९४५मध्ये त्रेबूल आणि पूलदाविदबरोबर दुआर्ननेत विलीन झालं. प्लोआरेच्या दफनभूमीत रने लायनेक आहे, ज्याने १८१६मध्ये स्टेथोस्कोप शोधला तोच, क्षयाने गेला १८२६ला, आणि त्याचा क्षय त्याच्या पुतण्याने त्याच्याच स्टेथोस्कोपने ओळखला. घरात कुणी डॉक्टर असेल तर इथला फोटो नक्की पाठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उपवासाचा काळ सुरू व्हायच्या आधी 'ग्रा' नावाचा कार्निव्हल, सगळं गाव वेषांतर करून रस्त्यावर, 'देन पाओलिग' नावाचा पुतळा राजा म्हणून बसवतात आणि शेवटी जाळतात. ऑगस्टमध्ये १९७८पासून चालत आलेला सिनेमा महोत्सव, जगभरातल्या अल्पसंख्य भाषांचा आणि समाजांचा. ज्या गावातल्या मुलांच्या गळ्यात भाषेबद्दल लाकूड अडकवलं त्या गावाने हा महोत्सव भरवावा हे मला फार बरोबर वाटतं.

आणि कुईन्यमान, लोणी-साखरेचा केक! हा याच गावचा, १८६०च्या सुमारास स्कॉर्दिया नावाच्या बेकरीवाल्याने केलेला म्हणतात. पावाची कणीक, त्यात जवळजवळ तितकंच खारं लोणी आणि तितकीच साखर, घड्या घालत लाटायचं आणि भट्टीत साखर करपून तांबूस होईपर्यंत भाजायचं. आपल्याकडे आता बेकऱ्यांमध्ये त्या नावाने छोटे कुरकुरीत कप मिळतात, ते वेगळं प्रकरण, मूळचा मोठा, गोल, चपटा असतो आणि कापून वाटून खातात. कोमट खा, थंड झाला की लोणी थिजतं आणि निम्मी मजा जाते.

शेवटी एक मनापासूनची विनंती. ल्यूसी कोलियारने या संपावर १९२५मध्येच एक छोटी पुस्तिका लिहिली, ताजी, घाईने लिहिलेली, बायकांच्या नावाने आणि मजुरीच्या आकड्यांनी भरलेली. तिचा मराठी अनुवाद कुणीतरी करावा. ज्या वर्षी या बायका रस्त्यावर उतरल्या त्याच वर्षी, जानेवारी ते मार्च १९२४, मुंबईत दीड लाखाच्या घरात गिरणी कामगार बोनससाठी संपावर होते आणि रिकाम्या हाताने परत कामावर गेले, म्हणजे ही पुस्तिका वाचायला लागणारा अनुभव आपल्या घराघरांत आहे, परळ-लालबागच्या कितीतरी आज्यांना त्यातलं प्रत्येक पान समजेल. फ्रेंच अवघड नाही. कुणी हात घालत असेल तर मला कळवा, ब्रेतन शब्दांचे आणि माशांच्या कामातल्या शब्दांचे उच्चार मी गावातल्या लोकांना विचारून जमवलेत, ती वही अख्खी देते.